दुसऱ्या रूपाचा कण

आलेखावर एक बारीकसा दात उगवला होता, आणि तो तिथे असायला नको होता.

विदुलाने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दात होताच. क्ष-किरणांचं यंत्र माणसाची भीड ठेवत नाही, ही त्याची जुनी खोड. दुपारचे दोन चाळीस झाले होते. पाच वाजता घाटापलीकडे, कराडला, एक दार उघडणार होतं. त्या दारातून आत जाणाऱ्या माणसाला आत्ता फक्त तीच थांबवू शकत होती. त्यासाठी एक फोन पुरला असता. पण तो फोन केला तर घरातलं एक माणूस हातचं जाणार होतं.

चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या ‘संधान’ कंपनीत विदुला मोहिते बावीस वर्षं रेणू जोडत आली होती. आता जोड्या जुळवण्याचं काम संगणक करायचा. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘वधूवर सूचक’ म्हणत. रोज सकाळी तो दोन-दोन औषधांची शेकडो स्थळं सुचवायचा आणि विदुला नाकं मुरडत त्यातली बहुतेक परत पाठवायची. सं-४१ हे स्थळ मात्र तिने पहिल्या दिवशीच पसंत केलं होतं.

कॅन्सरची पेशी मोठी चलाख असते. एका औषधाने तिची एक वाट अडवली की ती दुसरी शोधते. म्हणून डॉक्टर दोन औषधं एकदम देतात. पण ही दोन औषधं म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांनी निघालेले पाहुणे. एक मांडवात पोचतो तेव्हा दुसरा अजून वाटेतच असतो. संकर रेणूत या दोघांना एका छोट्या साखळीने बांधून टाकतात, म्हणजे जातील तिथे दोघं बरोबरच जातील. सं-४१ चं एक टोक पेशीतली जनुकांची गुंडाळी सैल करायचं, मग धागे पटापट तुटायचे. ते धागे सांधणारं एक प्रथिन असतं, त्याचे हात दुसऱ्या टोकाने आधीच धरून ठेवलेले असायचे. दुरुस्ती होत नाही म्हटल्यावर पेशी मरायची. प्राण्यांत मेली, मग माणसांत मेली. चाचणीत दोनशे बारा रुग्ण होते आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांच्या गाठी आक्रसत होत्या.

वधूवर सूचकाने पत्रिका जुळवली, पण मुलगी सासरी नांदेल कशी हे पत्रिकेत नसतं. रेणू एकच असला तरी त्याचे स्फटिक बनताना तो दोन प्रकारे रचला जाऊ शकतो. तांदळाचा डबा नुसता ओतून भरला तर दाणे सैल बसतात, आपटून आपटून भरला तर घट्ट बसतात, तांदूळ तेच. सं-४१ सैल रचला गेला तर पोटात विरघळायचा. घट्ट रचला गेला तर खड्यासारखा आला तसा बाहेर. द्रवात ठेवावा तर दोन दिवसांत साखळी तुटायची, त्यामुळे गोळी हाच एक मार्ग होता, आणि गोळीत सैल रूपच हवं होतं.

चौदा जानेवारीला पहिल्यांदा एक घाण, म्हणजे एका वेळी बनवलेला सगळा माल, नासला. भुकटी पांढरीशुभ्र, सगळ्या तपासण्या बरोबर, फक्त विरघळेना. त्यानंतर चिपळुणात सैल रूप एकदाही बनलं नाही. दुसरं रूप जन्माला आलं होतं, आणि ते विरजणासारखं वागत होतं. विरजणाचा पुसटसा अंश लागलेला चमचा दुधात गेला की सगळं पातेलं त्याच्या मागे जातं, तसा डोळ्यांना न दिसणारा एक कण जरी भांड्यात पडला तरी अख्खं भांडं घट्ट रूपाचं अनुकरण करायचं. कण हवेत होते, चपलांना होते, केसांत होते. जमीन खरवडून झाली, भिंती धुऊन झाल्या, उपयोग शून्य.

तेव्हा कंपनीने ‘घाटबंदी’ केली. कराडला नवा कारखाना तयार होता, तिथे चिपळूणची टाचणीसुद्धा गेली नव्हती. चौदा तारखेनंतर ज्याने चिपळूणच्या आवारात पाऊल टाकलं, त्याने कुंभार्ली घाट ओलांडायचा नाही. लोक एकमेकांना ‘अलीकडचे’ आणि ‘पलीकडचे’ म्हणायला लागले. अभिमन्यू चोरगे हा स्फटिकांचा इंजिनियर नऊ जानेवारीलाच कराडला गेला होता, म्हणून तो पलीकडचा. यंत्रं बसवायची कामं त्याने आजवर बाहेरच्या दालनांत केली होती. आज पाच वाजता तो पहिल्यांदा आतल्या खोलीत शिरणार होता आणि पहिला घाण लावणार होता. शिल्लक गोळ्या वीस मार्चपर्यंत पुरणार होत्या. कराड नासलं तर तिसरी जागा उभी करायला दीड वर्ष, आणि दीड वर्ष थांबायला दोनशे बारांपैकी कुणाकडेच वेळ नव्हता.

आणि आज विदुलाने तीन जानेवारीच्या घाणाचा राखीव नमुना उघडला होता. तो घाण चाचणीत पास झालेला, म्हणून चौकशीत त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. आलेखावर दुसऱ्या रूपाचा दात होता, शेकडा अर्धा. म्हणजे दुसरं रूप चौदा तारखेला जन्मलं नव्हतंच. ते अकरा दिवस आधी जन्मलं होतं. कसं जन्मलं, तेही तिला माहीत होतं.

तीन तारखेला चंबूत स्फटिक येता येईनात. कागदावरचा नियम असा की अठरा तास गप्प बसायचं. पण विदुला ज्या पिढीत शिकली त्या पिढीचा हात गप्प बसत नाही. स्फटिक रुसले की काचेची दांडी घ्यायची आणि चंबूची आतली भिंत खरवडायची, त्या ओरखड्यावर स्फटिक धरतात, हे एम.एस्सी.ला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं असतं. सं-४१ च्या बाबतीत ते सक्त मना होतं, कारण ओरखड्यावर काय धरेल याचा भरवसा नाही. मनाईचा कागद तिनेच लिहिला होता. तरी तिने दांडी घेतली, तीनदा खरवडलं, आणि नोंदवहीत काही लिहिलं नाही. पाच तारखेला चाचणीतली भरती बंद होत होती आणि त्याआधी एका रुग्णाच्या हातात गोळ्या पडायला हव्या होत्या. त्या रुग्णाचं नाव कुमुद राजेशिर्के. विदुलाची नणंद.

चंबूत पांढरा पाऊस पडला तेव्हा अभिमन्यू आत आला होता. “आले की मॅडम!” म्हणत त्याने बूच काढून, चंबू नाकाशी धरून, उजेडात फिरवून बघितला होता. त्याला भरघोस दाढी होती.

कारखान्यातून बाहेर पडून विदुला गाडी घेऊन तासभर नुसती फिरली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. तिने स्वतःला पटवायचा प्रयत्न केला की दोन महिन्यांत त्याने निदान साठ वेळा आंघोळ केली असेल, एक कण कुठला राहायला. मग आठवलं, कुलुपबंद कपाटातल्या पेनाच्या टोपणातसुद्धा कण सापडला होता. तिने असाही विचार केला की ओरखड्याचं सांगावं, घाईचं कारण सांगू नये. पण कण कुठे कुठे गेला ते शोधताना चौकशीवाले तीन तारखेपासून ती कुणाकुणाला भेटली याची यादी करणार, यादीत घरची माणसं येणार, आणि ती यादी रुग्णांच्या यादीशी ताडून बघायला संगणकाला एक क्षण पुरणार. कंपनीतल्या माणसाच्या नातलगाला चाचणीत घ्यायचं नाही हा नियम. नाव सापडलं की कुमुदताई बाहेर. बाहेर म्हणजे औषध बंद.

चार वाजून दहा मिनिटांनी ती घरी पोचली. कुमुदताई पडवीत कुळीथ निवडत बसल्या होत्या. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेल्या बाई, वय साठ, अंगात आता मूठभर मांस, पण आवाज अजून मैदानभर पोचणारा. नवरा गेल्यापासून भावाकडे असत. भाऊ श्रीपाद बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे घरात नणंद आणि भावजय दोघीच. आधी दहा वर्षं भांडल्या, मग सवय झाली, मग एकमेकींवाचून चालेनासं झालं. डिसेंबरात कुमुदताईंना पेजही जात नव्हती. परवा त्यांनी विदुलाला आमटी खारट झाल्याबद्दल झाडलं होतं, आणि ते ऐकून विदुला मोरीत जाऊन आनंदाने रडली होती.

“आज लवकर? हाकलली की काय?”

“वन्सं, जरा ऐकाल का माझं?”

“ऐकतेच आहे. दोन महिन्यांपूर्वी मात्र ग्लानीत ऐकू आलं नसतं,” कुमुदताई म्हणाल्या आणि तिचा चेहरा बघून सूप खाली ठेवलं. “कोण गेलं?”

विदुलाने उभ्या उभ्याच सांगितलं. दांडी, चंबू, दुसरं रूप, अभिमन्यू, पाच वाजता उघडणारं दार. शेवटी फॉर्म. “त्यात विचारलेलं, कंपनीत कुणी नातेवाईक आहे का. मी ‘नाही’वर खूण केली. तुम्ही चष्म्याशिवाय सही केलीत.”

कुमुदताईंनी कुळथातला हातात राहिलेला खडा अंगणात भिरकावला. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्यापायी तू घाई केलीस.”

“हो.”

“आणि त्या घाईत दोनशे माणसांचं औषध नासवलंस.”

“हो. कराडचं अजून नासलेलं नाही. पाचला नासेल.”

“मग इथे काय करतेस?”

उत्तर कुमुदताईंनीच दिलं. त्यांचा आवाज चढला.

“मला विचारायला आलीस, होय ना? फॉर्म भरताना विचारलं नाहीस. माझं नाव घुसवलंस ते तुझ्या मर्जीने. आता काढायची वेळ आली तर वन्सं तुम्ही सांगा! मी ‘गप्प बस’ म्हटलं तर दोनशे जणांचं पाप माझ्या डोक्यावर. ‘सांग’ म्हटलं तर कुमुदताई मोठ्या मनाच्या. आणि तू कोण, पोस्टमन?”

“मला तुम्हाला गमवायचं नाही,” विदुला म्हणाली. “दुसरं काही नाही. तुम्ही नसलात तर मी या घरात कुणासाठी येऊ?”

“आणि मला मरायचं नाही! तेही ऐकून ठेव. भाच्यांची लग्नं बघायची म्हणून नाही, काशीला जायचं म्हणून नाही. मला आवडतं जगायला. सकाळी उठून चहा प्यायला आवडतं.” त्यांनी सुपातले कुळीथ उगाच चाळवले. “मी काही सांगणार नाही. तू ठरव. पण माझ्यासमोर ठरव. आत जाऊन दार लावून नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात चार सदतीस झाले होते. विदुलाने फोन काढला.

अभिमन्यूचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. बरोबर होतं, फोन बाहेरच्या कपाटात ठेवून, आंघोळ करून, निर्जंतुक कपडे घालून आत जायचं असतं, तो नियमही तिचाच. कराडच्या व्यवस्थापकांना लावला, ते मुंबईच्या विमानात. शेवटी फाटकावरचा नंबर लागला.

“हां, बोला. जाधव बोलतोय गेटवरनं.”

“जाधव, मी चिपळूणहून विदुला मोहिते बोलते. चोरगे साहेब आत गेलेत का?”

“गेलं की मघाशीच. आंगूळ झाली त्येंची, आता कापडं घालाय लागलं असतील. नारळ बी फोडला आमी भाईर.”

“त्यांना थांबवा. आत्ताच्या आत्ता.”

“मला आत सोडत न्हाईत मॅडम. पैलं दार बी कार्डाबिगर उघडत न्हाई.”

“आगीची घंटा आहे ना तुमच्या मागे? ती वाजवा. घंटा वाजली की आतल्या खोलीचं दार अडकतं, बाहेर पडायची तेवढी उघडतात.”

“आग कुठं लागलीया?”

“आग नाही.”

“मंग कशी वाजवू? खोटी घंटा वाजवली म्हून गेल्या म्हैन्यात एकाला काडला घरी. माजी बी पोरं हाईत मॅडम.”

चार शेहेचाळीस. कुमुदताई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

“जाधव, माझं नाव वहीत लिहा,” विदुला म्हणाली. “लिहा, विदुला मोहितेने घंटा वाजवायला सांगितली. चोरगे साहेबांच्या अंगावर चिपळूणचा कण आहे. तो माझ्यामुळे आहे, मी चोरून नियम मोडला आणि लपवून ठेवलं. ते आत गेले तर तुमचा कारखाना आजच्या आज संपला. लिहिलंत?”

“लिवतोय...”

“आधी वाजवा, मग लिहा!”

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग ती कर्कश घंटा, इतकी मोठी की पडवीत बसलेल्या कुमुदताईंनाही ऐकू आली.

दहा मिनिटांनी अभिमन्यूचा फोन आला. तो धापा टाकत होता. “मॅडम, शेवटच्या दाराला हात लावलेला मी. काय झालंय?”

तिने सांगितलं.

“चंबू मी तोंडाशी धरला होता,” तो म्हणाला.

“हो.”

“दोन महिने आम्ही इथे तुमच्या नोंदवहीवर बोट ठेवून काम करतोय. त्यात जे नाही ते घडलंच नाही असं धरून.” त्याने आभार मानले नाहीत, रागावलाही नाही. “आता मी पण अलीकडचा,” एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढचं सगळं भराभर झालं. चौकशी बसली, विदुला निलंबित झाली, नोकरी राहील की जाईल हे ठरायचं होतं. तरीही रोज सकाळी चार तास तिला पडद्यासमोर बसवलं जायचं. सैल रूप जमवायची हातोटी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणून कोल्हापूरच्या दोन नव्या मुली कराडच्या खोलीत उभ्या राहायच्या आणि विदुला घरातून त्यांना सांगायची, हळू, अजून हळू, हात लावू नका, बसा. चौथ्या दिवशी त्यांच्या छोट्या चंबूत सैल रूप आलं. मुली नाचल्या. मोठा घाण निघायला मात्र मार्चअखेर उजाडणार होतं, म्हणजे मधले दहा-बारा दिवस कुणाकुणाला गोळीशिवाय काढावे लागणार होते.

यादी ताडली गेली, नाव सापडलं. डॉक्टरांनी फोन करून हळहळ व्यक्त केली. वेगळी परवानगी मागता येते, सहा महिने लागतात, मिळतेच असं नाही, असं ते म्हणाले. कुमुदताईंची गाठ एक तृतीयांश कमी झाली होती, हेही त्यांनीच सांगितलं. न सांगते तर बरं झालं असतं.

घरात कुमुदताई विदुलाशी बोलत नव्हत्या. भांडी आपटत नव्हत्या, जेवण टाकत नव्हत्या, गोळी रोज दीड वाजता जेवणावर घेत होत्या. फक्त बोलत नव्हत्या. विदुलाने ताट वाढलं की खायच्या, उठायच्या. भांडणं सोसायची विदुलाला सवय होती, हे नवीन होतं. ती रात्रंदिवस मनात शब्द जुळवायची आणि ताटासमोर ते सगळे खोटे वाटायचे. माफी मागायची तर कशाची, नाव घातल्याची की काढल्याची, तेच तिला ठरवता येत नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला चाचणी कार्यालयातून रेश्मा तांबोळी नावाची मुलगी आली. खांद्याला थंड पेटी, हातात लिफाफा. विदुलाने तिला पाणी दिलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

“मावशी, उरलेल्या गोळ्या परत घ्यायच्या आहेत. मला खूप वाईट वाटतंय.”

“तुझा काय दोष,” म्हणत कुमुदताईंनी आतून बाटली आणली आणि टेबलावर उपडी केली. “नऊ आहेत. आजची धरून.”

“हो.”

“कुणाला देणार?”

“ते मला सांगत नाहीत, मावशी. ज्यांच्या आधी संपतील त्यांना.”

“बाई की बाप्या, एवढं तरी?”

“खरंच नाही माहीत.”

कुमुदताईंनी मान हलवली. मग एका बोटाने एक गोळी बाजूला सरकवली. “आजची मी अजून घेतलेली नाही. जेवायचं होतं.”

रेश्माने हातातल्या लिफाफ्याकडे बघितलं. “पत्र हातात पडलं की औषध बंद, असं लिहिलंय,” ती हळूच म्हणाली. लिफाफा तिने पुढे केला नाही. मांडीवर ठेवला, पर्स उघडली आणि पावतीसाठी पेन शोधायला लागली. छोटीशी पर्स, पण पेन काही सापडेना.

कुमुदताईंनी मान वळवली. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी विदुलाच्या डोळ्यांत बघितलं.

“घेऊ का?” त्यांनी विचारलं.

एक गोळी रक्तात अठरा तास टिकते, हे विदुलाला पाठ होतं. अठरा तासांनी त्या गाठीला काही फरक पडत नाही. आणि त्या दहा-बारा दिवसांत कुठेतरी, कुणाला तरी, ही एक गोळी म्हणजे एक अख्खा दिवस होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बावीस वर्षं तिने खऱ्याखोट्याची मोजमापं केली होती, आणि या प्रश्नाला त्यातलं एकही लावावंसं तिला वाटलं नाही.

“घ्या, वन्सं,” ती म्हणाली. “मी सांगते, घ्या.”

कुमुदताईंनी गोळी उचलली. “मग पाणी आण कोमट. आणि अशी दारात उभी राहू नकोस, इकडे बस माझ्याजवळ.”

विदुला पाणी घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसली. कुमुदताईंनी गोळी गिळली, पेला रिकामा केला आणि तिचा हात धरला. रेश्माला पेन सापडलं. तिने पावतीवर ‘आठ’ लिहिलं, आणि मग लिफाफा पुढे केला.